आकडा वाढला म्हणजे माणूस वाचला असं नाही

परळच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात आयसीयूबाहेर तासभर बसलं, की एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडतो. "ऑक्सिजन किती आहे?" आत भेटून आलेल्या माणसाला बाकीचे नातेवाईक आधी हेच विचारतात. ब्याण्णव म्हटलं की जरा हायसं वाटतं. पंचाऐंशी म्हटलं की कोणीतरी गावाला फोन लावायला जिन्याकडे जातं. कोविडनंतर तर हा आकडा घराघरात पोचला. लोकांनी तो विचारणं साहजिकच आहे, दुसरं विचारणार तरी काय?

पण फुप्फुसांच्या गंभीर आजारावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे संशोधन झालं, त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट या आकड्याच्या विरोधात जाते. मॉनिटरवरचा ऑक्सिजन वाढवणारे बरेच उपाय माणूस वाचवण्याच्या कसोटीला उतरले नाहीत. एका उपायाने तर मृत्यू वाढले. आणि ज्या उपायाने सगळ्यात स्पष्टपणे जीव वाचले, त्यात पहिले काही दिवस आकडा उलट खालीच होता.

हे कसं, ते समजायला आधी आजार समजून घ्यावा लागेल.

आपल्या फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात. प्रत्येकाभोवती केशवाहिन्यांचं जाळं असतं, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. ऑक्सिजन त्या पडद्यातून पलीकडे जातो. शरीरात कुठेही मोठा जंतुसंसर्ग झाला, किंवा फुप्फुसालाच जोराचा मार बसला, की हा पडदा गळका होतो. रक्तातलं प्रथिनयुक्त पाणी वायुकोशात शिरतं. वायुकोश उघडे ठेवणारा जो तुळतुळीत थर असतो तोही निकामी होतो. काही वायुकोश भरतात, काही मिटतात, आणि उरलेल्या थोड्यांवर सगळा भार येतो. या अवस्थेला डॉक्टर 'एआरडीएस' म्हणतात, म्हणजे अ‍ॅक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १९६७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात १२ रुग्णांची हकीकत छापली, तिथून ही अवस्था वेगळी म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या बारांपैकी सात जण दगावले होते.

नातेवाईकांना हे सांगताना डॉक्टर म्हणतात, "फुप्फुसात पाणी भरलंय." त्यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "मग सुई टोचून काढत का नाही? आमच्या काकांचं काढलं होतं." काकांना बहुधा टीबी झाला असणार, आणि त्यांचं पाणी फुप्फुसाच्या बाहेर, छातीच्या आवरणात साठलेलं असणार. ते सुईने काढता येतं. इथलं पाणी कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांच्या आत असतं. ते ओढून काढायची सोयच नाही. पडदा भरून येईपर्यंत थांबायचं, आणि तोवर माणसाला जगवायचं.

पाश्चात्त्य पुस्तकांत या आजाराची कारणं म्हणून न्यूमोनिया, रक्तात पसरलेला संसर्ग, मोठे अपघात, स्वादुपिंडाची सूज, उलटी फुप्फुसात जाणं अशी यादी असते. ती इथेही लागू आहेच. पण मुंबईच्या पावसाळ्यात यादी लांबते. लेप्टो, मलेरिया, डेंग्यू, यातला प्रत्येक आजार बिघडला की फुप्फुसापर्यंत पोचू शकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शहर बुडालं, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोचे रुग्ण रुग्णालयांत येऊ लागले. उंदरांच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. काहींच्या फुप्फुसात त्याने रक्तस्राव होतो. म्हणूनच साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्यावी, असं पालिका दर पावसाळ्यात कानीकपाळी ओरडून सांगते. हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून घरी गेलेले आपण ते ऐकतो आणि गरम पाण्याने पाय धुऊन झोपतो.

आता आजार किती गंभीर, हे कसं ठरवतात? बोटाला लावलेला चिमटा, म्हणजे ऑक्सिमीटर, पुरेसा नसतो, कारण रुग्णाला बाहेरून किती ऑक्सिजन देऊन तो आकडा आला, हे चिमटा सांगत नाही. म्हणून मनगटाच्या धमनीतून रक्त घेतात. ही सुई दुखते, शिरेतल्या सुईपेक्षा बरीच जास्त. त्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब मोजायचा आणि आपण देत असलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने त्याला भागायचं. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. निरोगी माणसाचा दाब साधारण ९५ धरला, तर ९५ भागिले ०.२१, म्हणजे साडेचारशेच्या आसपास. आता एखाद्याला ७० टक्के ऑक्सिजन देऊनही रक्तातला दाब ७० च येत असेल, तर ७० भागिले ०.७, उत्तर १००. २०१२ साली ठरलेल्या 'बर्लिन' व्याख्येनुसार ३०० ते २०० म्हणजे सौम्य, २०० ते १०० मध्यम आणि १०० किंवा त्याखाली गंभीर. सौम्य या शब्दावर जाऊ नये. ५० देशांतल्या ४५९ आयसीयूंची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सौम्य गटातलेही सुमारे ३५ टक्के रुग्ण रुग्णालयातून परतले नव्हते. गंभीर गटात हेच प्रमाण ४६ टक्के होतं.

मग व्हेंटिलेटर. "व्हेंटिलेटरवर टाकलं" हे वाक्य आपल्याकडे "आता काही खरं नाही" याच अर्थाने ऐकलं जातं. खरं तर व्हेंटिलेटर फुप्फुस बरं करत नाही आणि बिघडलेलं मूळ दुखणंही मिटवत नाही. तो फक्त वेळ मिळवून देतो. हवा फुप्फुसात ढकलून श्वास देण्याच्या आजच्या पद्धतीची मोठी सुरुवात कोपनहेगनमध्ये १९५२ च्या पोलिओच्या साथीत झाली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण धडाधड जात होते आणि पुरेशी यंत्रं नव्हती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आणि हाताने रबरी पिशवी दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. मग वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाळ्या लागल्या. शेकडो मुलं रात्रंदिवस रुग्णाच्या उशाशी बसून पिशव्या दाबत होती. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने घसरलं. आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो, त्याची कल्पना तिथलीच.

पण पोलिओच्या रुग्णाचं फुप्फुस धडधाकट होतं, स्नायू लुळे होते. एआरडीएसमध्ये फुप्फुसच आजारी असतं. तरीही पुढची काही दशकं दोघांनाही श्वास सढळ हाताने दिला गेला. शरीराच्या प्रत्येक किलोमागे १० ते १५ मिलिलिटर हवा, हा सर्वमान्य हिशेब होता. मोठा श्वास दिला की मिटलेले वायुकोश उघडतात, रक्तातला ऑक्सिजन वाढतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रिपोर्ट छान येतात. डॉक्टरही खूश, नातेवाईकही खूश.

शंका आधीपासून होती. १९७४ मध्ये वेब आणि टिअर्नी या संशोधकांनी उंदरांना जास्त दाबाने श्वास दिला, तेव्हा त्यांची निरोगी फुप्फुसंही पाण्याने भरली. ऐंशीच्या दशकात इटलीच्या लुचियानो गात्तिनोनी यांनी अशा रुग्णांचे सीटी स्कॅन काढले आणि चित्र उघड झालं. साध्या एक्स-रेत सगळं फुप्फुस सारखं पांढरं दिसतं, पण सीटीत दिसलं की बराचसा भाग बंद आहे आणि हवा घेणारा भाग एखाद्या लहान मुलाच्या फुप्फुसाएवढाच उरलाय. मुंबईकराला हे लगेच कळेल. बारा डब्यांची लोकल फलाटाला लागली, पण नऊ डब्यांचे दरवाजे उघडलेच नाहीत. सकाळची ती सगळी गर्दी उरलेल्या तीन डब्यांत शिरणार. चेंगराचेंगरी होणार ती धडधाकट डब्यांत. मोठ्या माणसाच्या मापाचा श्वास दिला की तो सगळा त्या थोड्या उघड्या वायुकोशांत घुसतो आणि त्यांना फाडतो. त्यातून सूज वाढते, सुजेतली रसायनं रक्तात उतरतात, मग मूत्रपिंड, यकृत, हृदय. या आजारात रुग्ण बहुतेक वेळा ऑक्सिजन कमी पडून जात नाही. एकामागून एक अवयव बंद पडत गेल्याने जातो.

हे सगळं तर्काने पटतं, पण तर्कावर आयसीयू चालवता येत नाही. म्हणून अमेरिकेतल्या दहा केंद्रांनी मिळून चाचणी केली. १९९६ ते १९९९ या काळात ८६१ रुग्ण घेतले. कोणाला कुठला श्वास द्यायचा हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवलं नाही, चिठ्ठी टाकावी तसं नशिबावर सोडलं. एका गटाला किलोमागे १२ मिलिलिटर, दुसऱ्याला ६. पहिल्या काही दिवसांत १२ वाल्यांचा रक्तातला ऑक्सिजन जास्त चांगला होता. त्या वेळी कोणी वॉर्डात फेरी मारून केवळ रिपोर्ट पाहिले असते, तर मोठा श्वासच बरा असं छातीठोकपणे सांगितलं असतं. पण शेवटी मोजले ते जीव. मोठा श्वास दिलेल्यांपैकी ३९.८ टक्के रुग्ण दगावले, छोटा श्वास दिलेल्यांपैकी ३१ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्याआधीच थांबवली गेली. २००० साली निकाल छापून आला. ना नवं औषध, ना नवं यंत्र. त्याच यंत्राची कळ निम्म्यावर आणली, आणि शंभरामागे जवळजवळ नऊ माणसं वाचली.

यातला एक बारकावा मला फार आवडतो. ६ मिलिलिटर हे रुग्णाच्या काट्यावरच्या वजनाने मोजत नाहीत, उंचीवरून काढलेल्या वजनाने मोजतात. माणूस जाडला म्हणून त्याचं फुप्फुस मोठं होत नाही. पाच फूट उंचीच्या बाईसाठी सूत्र ४५.५ किलो सांगतं, म्हणजे तिचा श्वास २७३ मिलिलिटर. तिचं खरं वजन ७५ किलो असेल आणि कोणी जुन्या पद्धतीने ७५ गुणिले १२ केलं, तर तिच्या फुप्फुसात दर श्वासाला ९०० मिलिलिटर जातील, तिपटीहून जास्त. म्हणून चांगल्या आयसीयूत बेशुद्ध रुग्ण आला की नर्स शिंप्याकडे असते तसली टेप काढते आणि झोपलेल्या माणसाची टाळूपासून टाचेपर्यंत लांबी घेते. नातेवाईक बाहेरून काचेतून बघतात आणि घाबरतात. मापं घेतायत म्हणजे काहीतरी वाईटच, असं त्यांना वाटतं. ते माप व्हेंटिलेटरचं असतं.

इतकं सोपं, इतकं स्वस्त, मग सगळीकडे लगेच सुरू झालं असेल? नाही झालं. वर सांगितलेल्या ५० देशांच्या पाहणीत डॉक्टरांनी एआरडीएस ओळखला तो सुमारे ६० टक्के रुग्णांत. आणि किलोमागे ८ मिलिलिटर किंवा त्याहून कमी श्वास मिळालेले रुग्ण दोन तृतीयांशही नव्हते. निकाल येऊन तोवर पंधरा वर्षं होत आली होती. छोटा श्वास दिला की कार्बन डायऑक्साइड साठतो, रिपोर्टमध्ये लाल आकडे येतात, आणि लाल आकडा बघून हातावर हात ठेवून बसणं हे डॉक्टरच्या स्वभावातच नसतं. रात्री तीन वाजता एकट्या रेसिडेंट डॉक्टरला तर नाहीच नाही.

आकडा सुधारूनही पदरी काही न पडलेल्या उपायांची रांग मोठी आहे. नायट्रिक ऑक्साइड हा वायू हुंगवला की ऑक्सिजन वाढतो, पण मृत्यू कमी होत नाहीत. मिनिटाला शेकडो अतिसूक्ष्म श्वास देणारं एक यंत्र आलं. कागदावर कल्पना अफलातून होती, नाजूक फुप्फुसाला सगळ्यात कमी धक्का. ५४८ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०१३ मध्ये निकाल आला. नव्या यंत्रावरचे ४७ टक्के रुग्ण दगावले, नेहमीच्या व्हेंटिलेटरवरचे ३५ टक्के. तीही चाचणी मधेच थांबवावी लागली, पण उलट कारणासाठी.

पालथं झोपवण्याची गोष्ट जीव वाचवणारे उपाय आणि फसलेले उपाय या दोन्हींच्या मधली. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी ती ऐकली. माणूस पाठीवर झोपला की हृदयाचा आणि पोटाचा भार फुप्फुसाच्या मागच्या भागावर पडतो, आणि मागचाच भाग मोठा असतो. पालथं केलं की तो मोकळा होतो. सत्तरच्या दशकापासून डॉक्टरांना माहीत होतं की याने ऑक्सिजन वाढतो. २००१ मध्ये गात्तिनोनी यांच्याच मोठ्या चाचणीत रोज सरासरी सात तास रुग्णांना पालथं ठेवलं गेलं. ऑक्सिजन वाढला, जगणाऱ्यांची संख्या वाढली नाही. झालं, अनेकांनी विषय सोडून दिला. फ्रान्सच्या क्लोद गेरँ यांनी सोडला नाही. त्यांनी फक्त गंभीर रुग्ण घेतले, त्यांना छोटाच श्वास दिला, आणि एका वेळी किमान सोळा तास पालथं ठेवलं. ४६६ रुग्ण. २८ दिवसांनी पाठीवर ठेवलेल्यांपैकी ३२.८ टक्के गेले होते, पालथ्यांपैकी १६ टक्के. मृत्यू निम्मे.

गंमत अशी की याच अभ्यासातल्या रुग्णांचा नंतर हिशेब केला, तेव्हा पालथं केल्यावर ज्यांचा ऑक्सिजन फारसा वाढला नव्हता त्यांनाही फायदा झालेला दिसला. म्हणजे जीव वाचला तो ऑक्सिजनमुळे नव्हे. श्वासाचा ताण सगळ्या फुप्फुसावर सारखा वाटला गेल्यामुळे.

हे काम मात्र अंगमेहनतीचं आहे. एक जण डोक्याशी उभा राहून तोंडातली नळी दोन्ही हातांनी धरतो आणि आकडे मोजतो, बाकीचे चार-पाच जण चादरीसकट रुग्णाला आधी कडेला सरकवतात, मग कुशीवर, मग पालथा. नळी निसटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. सोळा तासांनंतर सरळ केलं की चेहरा सुजून ओळखू येत नाही. हे घरच्यांना आधी सांगितलेलं नसेल, तर भेटीच्या वेळी वॉर्डात रडारड होते. नर्सिंगचं मनुष्यबळ जिथे अपुरं, तिथे हा फुकटचा उपाय सगळ्यात महाग पडतो.

कोविडने या सगळ्या संशोधनाची परीक्षाच घेतली. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचा निकाल जून २०२० मध्ये आला. डेक्सामेथासोन, औषधाच्या दुकानात काही रुपयांना मिळणारं स्टेरॉइड, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. पण त्याच चाचणीचा दुसरा निम्मा निकाल कोणी नीट वाचला नाही. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना काही फायदा झाला नाही. त्यांच्यात मृत्यू औषध न घेतलेल्यांत १४, तर घेतलेल्यांत १७.८ टक्के होते, म्हणजे नुकसानीचीच शंका. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठी फिरली आणि ताप आल्याच्या पहिल्याच दिवसापासून लोकांनी घरी स्टेरॉइड घेतलं. डायबिटीस असलेल्यांची साखर चढली. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने जो कहर केला, त्यामागे बेफाम साखर आणि बेहिशेबी स्टेरॉइड ही जोडी मोठी होती.

प्लाझ्माचं, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातल्या द्रवाचं, तर सांगायलाच नको. बरा झालेला दाता मिळवायला लोक अर्धी मुंबई पालथी घालत होते. दरम्यान आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) भारतातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी करून ऑक्टोबर २०२० मध्येच सांगितलं होतं, की प्लाझ्माने आजार बळावणं थांबत नाही आणि मृत्यूही कमी होत नाहीत. ही आपल्या देशातली, आपल्या रुग्णांवरची, व्यवस्थित केलेली चाचणी होती. सरकारी उपचारसूचीतून प्लाझ्मा बाहेर पडायला मे २०२१ उजाडला. मधल्या लाटेत किती घरांनी रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवले असतील.

"म्हणजे आमच्या माणसावर प्रयोग करणार?" अशा चाचणीत सामील व्हायचं का, असं विचारलं की हा प्रश्न कोणीतरी करतंच, आणि तो रास्त आहे. आयसीयूतला रुग्ण बेशुद्ध असतो, सही जवळच्या नातेवाइकाला करावी लागते, तीही आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी. म्हणून काही गोष्टी माहीत असाव्यात. भारतात २०१९ च्या नियमांनुसार कुठलीही औषधचाचणी आधी नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्यावी लागते. या समितीत किमान सात जण लागतात, त्यात कायद्याचा जाणकार आणि एक सर्वसामान्य नागरिकही हवा, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे. मराठीत मागा, हक्काने मागा. वाचता येत नसेल तर तिऱ्हाईत साक्षीदारासमोर समजावून सांगावं लागतं. त्याची प्रत तुम्हाला मिळते. केव्हाही बाहेर पडता येतं, त्याने नेहमीचे उपचार थांबत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई यांची तरतूद आहे. आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सरकारी संकेतस्थळावर करणं सक्तीचं आहे, ती कोणालाही फुकट बघता येते.

चिठ्ठी टाकून गट ठरवतात हे ऐकून लोक बिथरतात. पण दुसऱ्या गटातल्या रुग्णाला वाऱ्यावर सोडलेलं नसतं, त्याला आजचे चांगले मानले जाणारे उपचार मिळतातच. आणि नवं ते चांगलंच, हे आपण मनात धरलेलं असतं. वरचं ते अफलातून यंत्र आठवा. तिथे जुन्या व्हेंटिलेटरची चिठ्ठी निघालेला भाग्यवान होता.

इतकं असून एआरडीएसवर हमखास लागू पडणारं औषध अजून का नाही? एक कारण असं की हा एक आजार नाहीच. लेप्टोने गळकं झालेलं फुप्फुस आणि अपघाताने चिरडलेलं फुप्फुस एक्स-रेत सारखं दिसतं, आतली भानगड वेगळी असते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कॅरोलिन कॅल्फी आणि सहकाऱ्यांनी जुन्या चाचण्यांतल्या रुग्णांचं रक्त तपासून दाखवलं की त्यात निदान दोन गट आहेत. सुमारे एक तृतीयांशांत सुजेचा आगडोंब असतो, बाकीच्यांत तो नसतो, आणि काही उपचारांचा परिणाम दोन्हींवर वेगवेगळा होतो. सरसकट सगळ्यांना एक औषध दिलं की एकाचा फायदा दुसऱ्याच्या तोट्यात बुडतो आणि सरासरी शून्य येते. हे गट रुग्णाच्या खाटेशीच, तासाभरात ओळखता यावेत यासाठी आता खटपट चालू आहे.

दुसरा बदल आपल्या जास्त कामाचा आहे. बर्लिनची व्याख्या व्हेंटिलेटर आणि धमनीतल्या रक्ताची तपासणी गृहीत धरत होती. परळला हे दोन्ही आहे, पण पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याहून निघालेल्या रुग्णाला पहिल्या मुक्कामाला ते मिळेलच असं नाही. मग त्याचा आजार व्याख्येतच बसत नाही, म्हणून तो संशोधनातही मोजला जात नाही. रवांडातल्या किगालीमध्ये डॉक्टरांनी बोटावरचा चिमटा आणि सोनोग्राफी वापरून हा आजार ओळखून दाखवला, ते २०१६ मध्ये छापून आलं. २०२३ च्या नव्या जागतिक व्याख्येने ती वाट स्वीकारली. साध्या यंत्रांवरही आता एआरडीएसचं निदान करता येतं.

आणि जे वाचतात त्यांचं पुढे काय होतं? टोरांटोच्या मार्गारेट हेरिज यांनी १०९ जणांचा पाच वर्षं माग ठेवला, २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बहुतेक तरणीताठी, चाळिशी-पंचेचाळिशीची माणसं. पाच वर्षांनी त्यांची फुप्फुसं जवळजवळ पूर्ववत झाली होती. तरी सहा मिनिटांत ती चालू शकत होती ते अपेक्षित अंतराच्या ७६ टक्केच. आयसीयूत पडून पडून स्नायू झडतात, आणि ते लवकर परत येत नाहीत. त्यातच विसरभोळेपणा, झोपेतून दचकून उठणं, उगाच चिडणं. घरच्यांना वाटतं, एवढा खर्च केला, देवाच्या कृपेने वाचला, आता का असा वागतो?

म्हणून झोपेची औषधं रोज थोडा वेळ थांबवून बघायची आणि व्हेंटिलेटरवर असतानाच रुग्णाला हलवायचं, अशी पद्धत आली. २००९ च्या एका चाचणीत लवकर व्यायाम सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के जण घरी जाताना आपली कामं आपण करू शकत होते, इतरांत ३५ टक्के. मग सगळ्यांना वाटलं, आणखी जोरात करू. २०२२ मध्ये ७५० रुग्णांवर तेही करून पाहिलं. नेहमीपेक्षा जास्त आणि लवकर व्यायाम दिला, फायदा झाला नाही, अपाय मात्र वाढले. सध्याचा सल्ला मधला आहे. खाटेच्या कडेला बसवणं, उभं करणं, झेपेल तेवढीच पावलं.

घरी सोडताना हातात पडणाऱ्या कागदावर औषधांची लांबलचक यादी असते, फिजिओथेरपीची ओळ असेलच असं नाही. नसेल तर लिहून मागावी. केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत त्याचा विभाग आहे. तिथे गेल्यावर "अशक्तपणा आहे" एवढंच सांगू नये. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, दुसऱ्या मजल्याला दोनदा बसावं लागतं, बादली उचलता येत नाही, अशा शब्दांत सांगावं. फिजिओथेरपिस्ट व्यायाम ठरवतो तो त्यावरून.